आधी पगार पुरता द्या, मग त्याग शिकवा

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात एकाच सतरंजीवर दोन पगाराच्या पावत्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी वंदना झाल्यावर तिथे बसतो आणि लोकांच्या पावत्या, पीएफची पासबुकं, कंत्राटदाराने दिलेले कागद वाचून दाखवतो. त्या दिवशी पहिली पावती होती इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या, सुट्टीवर घरी आलेल्या आपल्याच एका तरुणाची. दुसरी होती सतरा वर्षं झाडू मारून त्याच महिन्यात घरी बसलेल्या एका मावशींची.

तरुणाने त्याच्या पावतीवरचा एक शब्द समजावून सांगितला. 'सॅलरी सॅक्रिफाइस.' मराठीत म्हणायचं तर पगारत्याग. व्यवस्था अशी की, कामगाराने मालकाशी लेखी करार करून आपला पगार थोडा कमी करून घ्यायचा आणि ती रक्कम मालकाने थेट त्याच्या पेन्शनच्या खात्यात भरायची. ती रक्कम पगार म्हणून हातात आलीच नाही, म्हणून तिच्यावर आयकर नाही आणि तिथल्या 'नॅशनल इन्शुरन्स'ची वर्गणीही नाही. साधा कर भरणाऱ्या माणसाच्या हातात शंभर पौंड आले असते तर २० पौंड करात आणि ८ पौंड वर्गणीत गेले असते. पेन्शनमध्ये ते शंभरचे शंभर जातात. मालकालाही त्या शंभर पौंडांवरची १५ टक्के वर्गणी वाचते. काही मालक ही बचतसुद्धा कामगाराच्या पेन्शनमध्ये टाकतात.

मावशी शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी आपली पावती पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बाळा, माझा पण असाच त्याग झालाय का बघ की."

आम्ही पाहिलं. पीएफसाठी धरलेला पगार १०,००० रुपये. पीएफची कपात २,५०० रुपये. म्हणजे २५ टक्के. कामगाराचा वाटा १२ टक्के असतो. मालकाचा वाटा १२ टक्के, वर विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून आणखी एक टक्का. कंत्राटदाराने स्वतःचे सगळे १३ टक्के मावशींच्याच पगारातून काढले होते. तिकडच्या पावतीवर त्यागाची नोंद होती, सही होती, फायदा होता. इकडच्या पावतीवर नुसती कपात होती, आणि तिला विचारणारं कुणी नव्हतं.

हा लेख त्या दोन पावत्यांबद्दल आहे. आमचं म्हणणं एकच आहे. म्हातारपणासाठी पगारातून जास्त बाजूला टाका, हा सल्ला ज्याच्या हातात पुरता पगार पडतो त्यालाच देता येतो. ज्याचा पगारच अर्धा कागदावर आणि अर्धा कंत्राटदाराच्या खिशात आहे, त्याला आधी त्याचा पगार द्या.

त्याग कुणाचा, फायदा कुणाचा?

इंग्लंडच्या त्या व्यवस्थेत एक अट आहे, ती आपल्या बोलघेवड्या अर्थतज्ज्ञांनी नीट वाचावी. पगारत्याग केल्यावर उरलेला रोख पगार कायदेशीर किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. म्हणजे जो किमान वेतनावर राबतो, त्याला ही सवलत घेताच येत नाही. सगळ्यात तळाच्या माणसाला तिथे त्याग आधार देत नाही, सक्तीचा कायदा देतो. पात्र कामगाराला मालकाने आपण होऊन पेन्शन योजनेत घातलंच पाहिजे. ठरलेल्या उत्पन्नाच्या किमान ८ टक्के रक्कम खात्यात गेलीच पाहिजे आणि त्यातले किमान ३ टक्के मालकाचे असलेच पाहिजेत. आणि त्यागाच्या सवलतीचा मलिदा वरच्या पगारवाल्यांना जास्त मिळतो, हे लक्षात आल्यावर तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात तिला लगाम घातला. एप्रिल २०२९ पासून वर्षाला फक्त २,००० पौंडांपर्यंतच्या पगारत्यागावर वर्गणीची माफी राहील.

आपल्याकडे हाच प्रकार वेगळ्या नावाने चालतो. मोठ्या कंपन्यांत पगाराची रचना अशी करता येते की, मालकाने एनपीएसमध्ये भरलेली रक्कम मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत करातून सुटते. खासगी नोकरदारांसाठी १४ टक्क्यांची ही मर्यादा २०२४-२५ पासून, फक्त नव्या करप्रणालीत आहे. चांगली गोष्ट आहे, ज्याला मिळते त्याने घ्यावी. पण ती कुणाला उपयोगी पडते? २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पगारदाराला आयकरच लागत नाही. जो कर भरतच नाही त्याला करसवलतीचं काय कौतुक? सुरक्षारक्षक, वॉर्डबॉय, गोदामातला हमाल, शाळेतली कंत्राटी सेविका, घंटागाडीवरचा कामगार, यांच्यापर्यंत ही सवलत पोहोचतच नाही. त्यांच्या म्हातारपणाची सगळी मदार मालकाच्या वाट्यावर असते. आणि तोच वाटा चोरीला जातो.

कायदा काय सांगतो?

भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा. त्याच्या कलम १२ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की, निधीत वर्गणी भरावी लागते या कारणाने मालकाला कामगाराचं वेतन प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कमी करता येणार नाही. त्याच कायद्याखालच्या योजनेचा परिच्छेद ३१ आणखी उघड बोलतो. कामगाराशी कसलाही करार झालेला असला तरी मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. 'कसलाही करार झालेला असला तरी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कंत्राटदार कोऱ्या कागदावर अंगठा घेतो, म्हणून ते लिहावे लागले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. या संहितांनी कामगारांचं काय काय हिरावलं, त्यावर वेगळं लिहावं लागेल. पण मालकाचा वाटा कामगाराच्या वेतनातून कापणं सामाजिक सुरक्षा संहितेतही शिक्षापात्रच आहे. तेव्हा "नवीन कायदा आला, आता तसं चालतं," असं कुणी सुपरवायझर सांगत असेल तर तो खोटं बोलतो आहे.

दुसरी गोष्ट. कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर महापालिका, रुग्णालय किंवा कंपनी हात वर करते. "तो तुमचा आणि ठेकेदाराचा प्रश्न." हेही साफ खोटं आहे. कंत्राटदारामार्फत राबणाऱ्या कामगाराची वर्गणी भरली जाईल हे पाहण्याची जबाबदारी पीएफ योजनेच्या परिच्छेद ३० ने मूळ मालकावर टाकली. कंत्राटदाराकडून ती रक्कम वसूल करण्याचा हक्कही कायद्याने त्याला दिला. मग बिलं पास करताना चलन तपासलं जात नाही, कारण काय? कारण झाडू मारणारा कोण आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कार्यालयातल्या कायम बाबूच्या पीएफचा एक हप्ता चुकला असता तर दुसऱ्या दिवशी टाळं लागलं असतं.

बेसिकची कात्री

वाटा सरळ कापणं ही अडाणी चोरी झाली. शिकलेली चोरी पगाराच्या रचनेत असते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पावत्यांत ती दिसते, म्हणून एक हिशेब मांडतो. वहीत उतरवून घ्या आणि आपल्या पावतीशी ताडून पाहा.

समजा महिन्याचा एकूण पगार २४,००० रुपये आहे. पावतीवर तो असा दाखवला आहे: बेसिक ९,०००, घरभाडे भत्ता ४,०००, प्रवास भत्ता ३,००० आणि 'स्पेशल अलाउन्स' ८,०००. पीएफ फक्त ९,००० वर. म्हणजे कामगाराचे १,०८० आणि मालकाचे १,०८०.

हा 'स्पेशल' भत्ता कसला स्पेशल? सगळ्यांना, दरमहा, ठरलेला मिळतो तो पगारच. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी विवेकानंद विद्यामंदिर आणि इतर आस्थापनांच्या प्रकरणात हेच सांगितलं. जो भत्ता सर्व कामगारांना सरसकट दिला जातो, जास्त कामाशी किंवा विशेष कारणाशी ज्याचा संबंध नाही, तो मूळ वेतनातच धरावा. म्हणजे आपल्या उदाहरणात पीएफचा पगार ९,००० अधिक ८,०००, असा १७,००० होतो. सक्तीची कमाल मर्यादा १५,००० आहे. तेव्हा किमान १५,००० वर तरी दोघांनी १२-१२ टक्के, म्हणजे १,८००-१,८०० भरले पाहिजेत. नव्या संहितेतही भत्त्यांच्या नावाखाली एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम वेतनातून वगळता येत नाही.

आता फरक पाहा. दोघांचे मिळून दरमहा १,४४० रुपये कमी जातात. १८ वर्षांत व्याज न धरता ३,११,०४० रुपये. यातला निम्मा, म्हणजे १,५५,५२० रुपये, मालकाने कामगाराला देणं लागत होता तो पैसा आहे. तो कुठे गेला, हे विचारायला नको.

पेन्शनवरही घाव बसतो. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के १९९५च्या पेन्शन योजनेत जातात. पेन्शनचं सूत्र सोपं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. ९,००० वर १८ वर्षांची पेन्शन येते महिन्याला सुमारे २,३१४ रुपये. १५,००० वर येते ३,८५७. दरमहा दीड हजाराचा फरक, मरेपर्यंत. आणि माणूस गेल्यावर त्याच्या विधवेची पेन्शनही त्याच हिशेबाने खाली येते. एका बेसिकच्या कात्रीने एका घराच्या दोन म्हातारपणांचं औषध-पाणी कापलं जातं.

आणि ज्या १५,००० च्या मर्यादेची आम्ही भाषा करतो, ती सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेली. त्याच महिन्यात किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. त्यानंतर गॅस, डाळ, तेल आणि डॉक्टरची फी कुठे गेली ते सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. आमदार-खासदारांचे पगार आणि पेन्शन मात्र वेळच्या वेळी वाढतात, तिथे कुणी त्यागाची भाषा करत नाही.

मावशींची सतरा वर्षं

पुन्हा मावशींकडे येऊ. सतरा वर्षं एकच रस्ता, एकच हजेरी चौकी, कंत्राटदार मात्र चार. पहिल्याने पैसे कापले आणि भरलेच नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्याचं कंत्राट संपलं तेव्हा त्यांच्या माणसाने सांगितलं, "फॉर्म भरा, पैसे काढून घ्या." मावशींनी पीएफही काढला आणि पेन्शनचाही. घरात लेकीचं लग्न होतं, चूक म्हणायची कुणाच्या तोंडाने? पण पेन्शनचा पैसा काढला की त्या वर्षांची नोकरी पेन्शनच्या हिशेबातून पुसली जाते. चौथ्या कंत्राटदाराकडे झाली सहा वर्षं. पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. सतरा वर्षं झाडू मारलेल्या बाईच्या नावावर सरकारी कागदात सहा वर्षं आहेत आणि पेन्शन शून्य आहे.

एक कागद त्यांना वाचवू शकला असता. नोकरी सुटली तरी पेन्शनचा पैसा न काढता 'स्कीम सर्टिफिकेट' घेता येतं. त्याने जुनी वर्षं शाबूत राहतात आणि पुढच्या नोकरीत जोडली जातात. २०१४ पासून यूएएन क्रमांक आला, तेव्हापासून जुनं खातं नव्यात वळवणंही सोपं झालं आहे. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्याचा फायदा न सांगण्यात होता, आणि आम्ही सांगायला उशिरा पोहोचलो. ही आमचीही चूक आहे, ती आम्ही कबूल करतो. जयंतीच्या मिरवणुकीचं नियोजन आम्ही दोन महिने आधी करतो. वस्तीतल्या शंभर बायकांची पासबुकं तपासायला आम्हाला इतकी वर्षं लागली.

बलुत्यापासून कंत्राटापर्यंत

आपल्या समाजाला हा खेळ नवा नाही. महार वतन काय होतं? काम चोवीस तासांचं, सांगेल त्याचं, सांगेल तेव्हाचं. मोबदला म्हणजे तुकडाभर वतनाची जमीन आणि गावाने टाकलेलं बलुतं. किती काम, किती दाम, याचा कुठे लेखी हिशेब नाही. मिळालं तर उपकार, मागितलं तर माज. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते याच गुलामीविरुद्ध. सेवेच्या जागी पगार आणि बिनहिशेबी राबण्याच्या जागी ठरलेलं काम, ही त्या लढ्याची दिशा होती. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

कंत्राटदाराची भाषा ऐका. "तुमचं सगळं आम्ही बघतो." "पीएफ-बीएफच्या भानगडीत पडू नका, हातात रोख घ्या." "तक्रार केली तर उद्यापासून येऊ नका." हा जुन्या पाटलाचाच आवाज आहे, फक्त आता तो टेंडर भरतो. काम लिहिलेलं नाही, दाम लिहिलेला नाही, जे मिळतं ते मेहेरबानी. आणि या कामावर कोणत्या जातींची माणसं आहेत, हे सकाळी सहाला कुठल्याही हजेरी चौकीवर उभं राहून मोजून घ्यावं.

समाजमाध्यमांवर हल्ली एक वाक्य फिरतं, "पीएफ बाबासाहेबांनी दिला." असं सांगायची गरज नाही. पीएफचा वटहुकूम नोव्हेंबर १९५१चा. बाबासाहेबांनी त्याआधी सप्टेंबरमध्येच मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. त्यांचं खरं काम इतकं मोठं आहे की त्यात खोटी भर घालणं हा त्यांचाच अपमान आहे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणाऱ्या परिषदा चालवल्या. खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा १९४४चा वटहुकूम त्यांच्या खात्याचा. आरोग्यविम्याचा आराखडा त्यांच्या काळात तयार झाला, त्यातूनच १९४८चा ईएसआय कायदा उभा राहिला. कामाचा आठवडा ४८ तासांचा करणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती १९४६ची. या सगळ्यामागचा विचार असा की, कामगाराचं आजारपण आणि म्हातारपण ही एकट्या कामगाराची खासगी बाब नाही. ज्याने त्याची उमेद वापरली, त्याचाही त्यात वाटा आहे. संविधानाच्या ४१व्या आणि ४३व्या अनुच्छेदांत वृद्धापकाळातली मदत आणि निर्वाहवेतन आलं आहे, तेही याच विचाराशी जुळणारं.

"कामगारालाच रोख हवं असतं" म्हणणाऱ्यांना

यावर दोन आक्षेप नेहमी येतात.

पहिला आक्षेप: "आम्ही काय करणार, कामगारच म्हणतात, पीएफ कापू नका, हातात द्या." खरं आहे, म्हणतात. महिनाअखेरीला दुकानदाराची उधारी असणारा माणूस वीस वर्षांनंतरचा पैसा कसा निवडेल? पण त्याच्या नाइलाजाला त्याची संमती म्हणायचं नसतं. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, भूक आणि गरिबीच्या रेट्याने किमान वेतनाहून कमी दाम स्वीकारून राबावं लागणं ही संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाखाली सक्तीची मजुरीच आहे. वेठबिगारीला मनाई करणारा तोच अनुच्छेद. मालकाचा वाटा पगारातून कापल्यावर हातात किमान वेतनही उरत नसेल, तर तीही वेठच म्हटली पाहिजे. हातात जास्त द्यायचं असेल तर पगार वाढवा. पीएफ बुडवून दिलेले हजार रुपये हा त्याच्याच म्हातारपणातून काढून दिलेला उचल आहे.

दुसरा आक्षेप: "छोट्या ठेकेदाराला परवडत नाही." टेंडरच्या दरात पीएफ, ईएसआय धरायचा असतो. जो त्याहून खालच्या दराने टेंडर भरतो, तो पहिल्याच दिवशी सांगून टाकतो की मी कामगाराचा पैसा खाणार आहे. आणि ते टेंडर मंजूर करणारा अधिकारी त्याला मूकसंमती देतो. परवडत नसेल तर कंत्राट घेऊ नये, काम थेट महापालिकेने द्यावं. ते अशक्य नाही. मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला. त्यामागे संघटनेची वर्षानुवर्षांची लढाई होती, हजेरीची कार्डं आणि कागद जपून ठेवलेल्या माणसांची लढाई होती.

आपल्या शिकलेल्या पोरा-पोरींशी दोन शब्द

आता थोडं आपल्या घरात. रेल्वे, टपाल, गोदी, आयुध कारखाने आणि महापालिका यांतल्या नोकऱ्यांनी आपली पहिली पगारदार पिढी उभी केली. त्या पिढीच्या पेन्शनवर कित्येक नातवंडं शिकली, कित्येक विहारांच्या विटा बसल्या. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांची ती जुनी पेन्शन गेली. खासगी क्षेत्रात तर आरक्षणही नाही आणि पेन्शनही नाही. तिथे तुमच्या पगाराची रचना हेच तुमचं म्हातारपण आहे.

आणि तुम्ही काय करता? नेमणुकीचं पत्र हातात आलं की पहिला प्रश्न, "इन-हँड किती?" पहिल्याच नोकरीत पगार १५,००० च्या वर असेल तर पीएफमधून बाहेर राहण्याची मुभा असते, ती आनंदाने घेता. नाहीतर १,८०० ची मर्यादा लावून घेता. वरच्या पैशात गाडीचा हप्ता बसतो. ज्यांचे आईवडील पेन्शनवर आहेत त्या सहकाऱ्यांना हे परवडतं. तुमचे आईवडील तुमच्यावर आहेत. तुम्ही म्हातारे झाल्यावर तुमच्या मुलांवर जाणार का? गरिबी अशीच एका पिढीकडून दुसरीकडे वारशाने जाते.

तुमच्यासाठी पगारत्यागाचा मार्ग खरोखर उघडा आहे. मूळ वेतन ४०,००० असेल तर १,८०० वर न थांबता पूर्ण १२ टक्के, म्हणजे ४,८०० दोन्ही बाजूंनी भरायला सांगा. सीटीसीमध्ये मालकाचा वाटा तुमच्याच एकूण आकड्यातून मोजलेला असेल तर हातात येणारी रक्कम सहा हजारांनी घटेल, हेही समजून घ्या. पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं. कर भरत असाल तर मालकाने एनपीएसमध्ये भरण्याचा पर्याय मागा. पण लहान भावाची फी, आईचं औषध आणि घरभाडं ज्याच्या एकट्याच्या पगारावर चालतं, त्याला आम्ही उपदेश करणार नाही. त्याने निदान पीएफमधून बाहेर पडू नये आणि नोकरी बदलताना पैसे न काढता खातं वळवावं, एवढंच मागणं.

आणि एक अपेक्षा. तुमच्यातले काही जण आज एचआरमध्ये आहेत, हिशेब खात्यात आहेत, पालिकेच्या लेखा विभागात आहेत. बेसिकची कात्री तुमच्या समोरच्या संगणकावर चालते. कंत्राटदाराचं बिल तुमच्या टेबलावरून जातं. त्या बिलाला पीएफचं चलन आणि कामगारांच्या नावांची यादी जोडलेली आहे का, एवढं पाहिलं तरी शंभर मावशींची वर्षं वाचतील. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालण्यापेक्षा हे काम अवघड आहे, म्हणूनच ते करायला हवं.

आमच्या मागण्या

१. मालकाचा वाटा पगाराच्या वर हवा, पगारातून नको. ज्या कंत्राटदाराने तो कामगाराकडून कापला, त्याच्याकडून व्याजासह वसुली व्हावी आणि त्याला काळ्या यादीत टाकावं.

२. प्रत्येक महापालिका, नगरपालिका, सरकारी रुग्णालय आणि शाळेने कंत्राटी कामगारांच्या पीएफ भरण्याची नावनिशीवार यादी दरमहा हजेरी चौकीवर लावावी.

३. कंत्राटदार बदलला तरी कामगाराची नोकरी अखंड धरावी. रस्ता तोच, झाडू तोच, तर सेवाही तीच.

४. किमान पेन्शन १,००० वरून जगण्यालायक रकमेवर न्यावी आणि महागाईशी जोडावी. पीएफची वेतनमर्यादाही वेळोवेळी वाढावी.

५. बारमाही सफाईच्या कामातलं कंत्राटीकरण बंद करावं.

आणि तोवर आपण काय करायचं? प्रत्येकाने पगाराची पावती मागावी, मिळाली नाही तर लेखी मागावी. मोबाइलवर उमंग ॲपमधून पासबुक काढून दर तीन महिन्यांनी पाहावं. नाव, जन्मतारीख आणि वारसाचं नाव आधारशी जुळवून घ्यावं. नोकरी सुटली तर पेन्शनचा फॉर्म घाईने भरू नये. मालकाचा वाटा पगारातून कापलेला दिसला तर एकट्याने भांडू नये, पाच-दहा जणांनी मिळून पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

मावशींची तक्रार आम्ही दिली आहे. कापलेला मालकाचा वाटा परत मागितला आहे. पहिल्या कंत्राटदाराने न भरलेल्या वर्षांसाठी मूळ मालकाला जबाबदार धरा, असं म्हटलं आहे. सोबत सतरा वर्षांतली सापडतील तेवढी हजेरी कार्डं जोडली आहेत. त्यांनी ती तांदळाच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली होती. कशाला ठेवलीत, असं विचारलं तर म्हणाल्या, "लिहिलेलं होतं त्यावर काहीतरी माझ्या नावाचं. टाकवेना."

पुढच्या रविवारी तुमच्याही डब्यातले कागद घेऊन या.

जय भीम! जय संविधान!